कादंबरी लिहायलोय: नायकाला आठवणारी भैरवी त्या रात्री झालीच नव्हती, हे वाचकाला कधी कळू द्यावं?

तेरणाकाठचा
नमस्कार मंडळी, जरा लांबण आहे पण वाचा. नायक पुण्यात तबला शिकवतो, मूळचा किल्लारीकडचा. वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, तो नऊ वर्षांचा असताना भूकंपात गेले. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जन, दमून लोक झोपले अन पहाटे 3:56 ला माळवदं खाली आली, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. नायकाच्या डोक्यात त्या रात्रीचं एकच पक्कं बसलंय, वडिलांच्या पखवाजावरची भैरवी. त्यामुळं आजही कुणाला साथीला बसला की भैरवीच्या आधी काहीतरी कारण काढून उठतो. लई वर्षांनी गावी जातो तर वडिलांच्या जोडीचा म्हातारा टाळकरी म्हणतो, बाबा त्या रात्री भैरवी झालीच नाही. हे मधी सांगू का शेवटी? शेवटी ठेवलं की सस्पेन्स पिक्चरसारखं व्हायलंय.

धुमवाला
दादा, म्हाताऱ्याची गरजच काय? तुमचा नायक वाजवणारा माणूस आहे, त्याचं त्यालाच कळलं पाहिजे. मिरवणुकीत पखवाज गळ्यात अडकवून चालत वाजवतात, पुढं हलगी, लेझीम, सगळा गोंधळ, तिथं कोण भैरवी म्हणतं? भैरवी बसल्या भजनाची, रूपाच्या अभंगापासून सुरू करून गवळणी-बिवळणी होऊन पहाटे शेवटाला. म्हणजे त्याची आठवण सप्ताहातल्या कुठल्या तरी जागराची आहे, ती उचलून त्यानं या रात्रीला चिकटवलीय. हे त्याला वर्गात पोरांना शिकवताना मधीच लक्षात येऊ द्या, कादंबरीच्या अर्ध्यातच. मग पुढची अर्धी कादंबरी, त्या रात्री खरं काय ऐकलं होतं याची.
अजून एक, पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावतात. ती मळून द्यायचं काम घरातल्या लेकराकडंच असतंय, आमच्या घरी तरी माझ्याकडंच होतं. हाताला ते आठवतंय, कानाला नंतर.

नव्या गावातली
भाऊ, मी पुनर्वसनाच्या गावात वाढले. 52 गावं उठवून नवीन बसवली, अन घर कुणाला केवढं ते जमिनीवर ठरलं, भूमिहीनाला अन एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250 स्क्वेअर फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्याच्या वर 750. एका साइजची घरं एका बाजूला. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहणारे टाळकरी अन पखवाजी गावाच्या दोन टोकांना गेले, मधी नुसते रुंद रस्ते. आमच्याकडं भजन बंद पडलं ते या अंतरानं, माणसं गेल्यामुळं जेवढं तेवढंच. तुमचा नायक येऊन म्हाताऱ्याचं घर विचारत फिरेल ना, तिथं हे घाला. म्हाताऱ्याला काढू नका, बोलू द्या, पण भलतंच काहीतरी, अनुदानाचं, गुडघ्याचं.

स्पष्टवक्ता_लातूर
खरं सांगू का, भूकंपाची रात्र अन बालपण म्हणलं की लेखक लोक रडायलाच बसतात. तो प्रसंग लिहूच नका. त्यापेक्षा आदल्या वर्षीचं लिहा, 1992 ला हादरे बसायले होते, जमिनीतून गुडगुड आवाज यायचा अन लोक भिऊन अंगणात झोपायचे. पखवाज्याच्या पोराला तो आवाज कसा वाटला असेल? मला तर तुमची कादंबरी तिथंच दिसायलीय. अन भूकंप तेरणेवरच्या माकणीच्या धरणामुळं झाला का नाही हा वाद कृपा करून घुसडू नका, त्यावर चहाच्या हॉटेलात भरपूर झालंय.

तेरणाकाठचा
स्पष्टवक्ता, गुडगुडीचं डोक्यातच नव्हतं आलं, घेतो. धुमवाले दादा, एक सांगा, धुमेवरची कणीक वाळत आली की आवाज कसा बदलतो? अन ती नंतर काढून काय करायचे तुमच्याकडं?

धुमवाला
वाळली की आवाज चढतो, घुमारा जातो, मग पाण्याचा हात लावायचा. वाजवून झालं की खरवडून गाईला.