यकृतातील वण रोखायचा तर औषध कारणावर हवे की स्टेलेट पेशींवर?

मृणालिनी:
सिरोसिसचा, म्हणजे यकृतात वण साचून ते कठीण होण्याचा, विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दारू, कावीळ आणि चरबी यांच्यापाशीच संपते. वण ज्या धाग्यांसारख्या प्रथिनाचा बनतो ते कोलॅजन मात्र मुख्यतः यकृतपेशी बनवत नाहीत, तर त्यांना आधार देणाऱ्या स्टेलेट पेशी बनवतात. यकृतपेशी आणि रक्तवाहिनीचे अस्तर यांच्यामधल्या अरुंद फटीत राहणाऱ्या या पेशी एरवी शरीरातील 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा साठा चरबीच्या थेंबांत सांभाळतात. इजा झाली की टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ या प्रथिनांच्या संदेशाने त्या हे थेंब गमावतात, स्नायूंप्रमाणे आकुंचन पावू लागतात आणि कोलॅजन स्रवतात. शिवाय टिंप-१ हे प्रथिन सोडून कोलॅजन विरघळवणाऱ्या विकरांनाही अडवून धरतात. २०१३ मध्ये उंदरांत पेशींच्या वंशाचा माग काढला तेव्हा वण घडवणाऱ्या पेशींपैकी ८२ ते ९६ टक्के पेशी याच कुळातल्या निघाल्या. कारण विषाणू असो वा मद्य, वाट याच पेशींतून जाते. म्हणून संशोधनाचा भर त्यांच्यावरच असावा, असे माझे ठाम मत आहे.

अनिरुद्ध:
जीवशास्त्र मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. टेनोफोव्हिर हे औषध केवळ हिपॅटायटिस बी विषाणूला रोखते, स्टेलेट पेशींना हातही लावत नाही. तरीही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीला सिरोसिस असलेल्या ९६ रुग्णांपैकी ७१ जणांच्या तपासणीसाठी काढलेल्या यकृताच्या तुकड्यात पाच वर्षांच्या उपचारानंतर सिरोसिस उरला नव्हता. उलट, कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडणाऱ्या विकरावर रोखलेले सिमटुझुमॅब हे औषध मानवी चाचण्यांत निष्प्रभ ठरले. आग विझवायची सोडून धुराशी झुंजण्यात काय हशील?

मृणालिनी:
सिमटुझुमॅबचे लक्ष्य पेशीबाहेरचे विकर होते, कोलॅजन बनवणारी पेशी नव्हे; त्यामुळे ते अपयश या पेशींच्या खाती टाकता येत नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच २५ रुग्ण असे आहेत, ज्यांचा विषाणू दाबूनही सिरोसिस हटला नाही. त्यांना आपण काय देणार? उंदरांवरील २०१२ च्या प्रयोगांत इजा थांबल्यावर वण घडवणाऱ्या सुमारे निम्म्या पेशी शांत झाल्या, पण पूर्ववत झाल्या नाहीत. पुन्हा इजा होताच त्या अधिक वेगाने चेतल्या. शिवाय इडिओपॅथिक फायब्रोसिस या फुप्फुसात वण साचण्याच्या विकारात कारणच ठाऊक नसते. तिथे अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेली पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधे वण पुसत नाहीत, फक्त ऱ्हासाचा वेग कमी करतात. त्या रुग्णांना तेवढाही अवधी मोलाचा असतो.

वैदेही:
दोघांनीही वण हा शत्रूच धरला आहे. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी फायब्रोब्लास्ट पेशींनी वण भरला नाही, तर हृदयाची भिंत फुटू शकते. सिरोसिसच्या रुग्णाला उद्या असा झटका आला आणि कोलॅजन थोपवणारे औषध त्याच्या सर्व अवयवांत पोचत असेल, तर त्याच्या हृदयाचे काय होईल?

मृणालिनी:
वैदेहीताई, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्यावरचा मार्ग या पेशींच्या स्वभावातच आहे. त्या 'अ' जीवनसत्त्व ओढून घेतात. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये हेच जीवनसत्त्व जोडलेल्या लायपोसोममधून (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांतून), कोलॅजनची घडण बिघडवणारे आरएनए प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या स्टेलेट पेशींपर्यंत पोचवले आणि त्यांचा सिरोसिस ओसरला. प्राण्यांतले यश माणसात उतरेलच असे नाही. पण औषध सर्व शरीरभर न पसरवता नेमक्या पेशीपर्यंत नेण्याचा हा प्रयत्न निधीला निश्चित पात्र आहे.