व्हेक्टरने भागायचं म्हणजे नक्की काय?

प्रश्न: टॉर्क (वस्तू फिरवणारा जोर) माहितीये, अंतराचा व्हेक्टर (किती आणि कुठल्या दिशेला, दोन्ही सांगणारी राशी) माहितीये, मग भागून बल का काढता येत नाही? क्वाटर्नियनमध्ये (चार घटकांच्या संख्यांमध्ये) तर भागाकार चालतो म्हणे.

उत्तर १: अंतराच्या दिशेतलं बल टॉर्कमध्ये येतच नाही ना, टॉर्क म्हणजे अंतर आणि बलाचा क्रॉस प्रॉडक्ट (दोन व्हेक्टरचा असा गुणाकार की उत्तर दोघांना लंब येतं), त्यात ती माहिती कायमची गेली, परत कुठून आणणार.

उत्तर २: भागाकार म्हणजे केलेलं उलटवणं. एसी सर्किटमध्ये व्होल्टेज भागिले करंट केलं की इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) मिळतो, त्यात किती पट आणि फेज (लाट किती पुढे-मागे) किती सरकला दोन्ही येतं, गणितज्ञ हॅमिल्टनने १८४३ मध्ये क्वाटर्नियनने तेच त्रिमितीत आणलं, दोन व्हेक्टरचा भागाकार म्हणजे एकाला दुसऱ्यावर नेणारं फिरवणं आणि ताणणं, फक्त क्रम सांभाळायचा. फार सुंदर कल्पना आहे ही!

उत्तर ३: स्पेसटाइममध्ये (अवकाश आणि काळ एकत्र धरल्यावर) प्रकाशाच्या दिशेतल्या व्हेक्टरचा वर्ग शून्य, त्याने भागताच येत नाही. प्रकाशाला रेस्ट फ्रेम (ज्यातून तो थांबलेला दिसेल असा दृष्टिकोन) नसते ते ह्याच्याशीच जोडलेलं आहे.