‘सॉरी’ म्हणजे माफी नव्हेच. मग हा शब्द आपण कशाला जवळ केला?

सातारकरीण

गेल्या महिन्यात आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला तो भलत्याच कुणाचा होता. वर नाव आईचं, आत आकडे दुसऱ्याचे. मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारं क्रिएटिनिन इतकं वाढलेलं बघून आमच्या पोटात गोळा आला. दोन रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनाच शंका आली, म्हणून मी लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरची नजरही न काढता ‘ओह, सॉरी हं’ म्हटलं आणि दुसरा कागद छापून पुढे सरकवला. मागचा माणूस पुढे आला. विषय संपला.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून त्याचं कूळ शोधलं. जुन्या इंग्रजीत तो ‘सारिग’ होता, ‘सार’पासून आलेला. सार म्हणजे दुखणं, जखम. घसा दुखतो त्याला इंग्रजीत ‘सोअर’ म्हणतात ना, तोच. म्हणजे सारिग म्हणजे ज्याला दुखतंय असा, व्यथित. जर्मन लोक ‘खूप’ या अर्थी ‘झेर’ म्हणतात, तोही याच घरचा. आधी त्याचा अर्थ ‘वेदना होईल इतकं’ असा होता. आणि ‘सॉरो’ म्हणजे दुःख, त्याच्याशी सॉरीचं सख्खं नातं नाही. सॉरो आला ‘सॉर्ग’वरून, म्हणजे काळजी, घोर. दोघे दिसायला सारखे, म्हणून लोकांनी त्यांना भावंडं मानलं आणि पुढे सॉरीचा उच्चारही सॉरोकडे झुकला.

सांगायचं हे, की सॉरी म्हणणारा फक्त स्वतःची अवस्था सांगतो. ‘मला वाईट वाटतंय.’ मी चुकलो हे त्यात कुठेच नाही, आणि समोरच्याकडे काही मागणंही नाही. आपल्याकडे ‘माझं चुकलं’, ‘माफ करा’, ‘पोटात घाला’ असे शब्द असताना हा निसटता शब्द आपण का धरला? माझं स्पष्ट मत आहे, की जिथे आपली चूक आहे तिथे सॉरी वापरणं थांबवावं.

शब्दशोधक

ताई, आईंच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. पण युक्तिवाद पटला नाही. शब्दाचं मूळ आणि शब्दाचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नाइस’ हा शब्द लॅटिन ‘नेस्कियुस’पासून आला, त्याचा अर्थ अडाणी, काही न कळणारा. आज कुणी तुमच्या साडीला नाइस म्हटलं तर तुम्ही रागावणार नाही.

आणि मूळच बघायचं तर आपल्या ‘दिलगीर’चं बघा. फारसीत दिल म्हणजे हृदय, गीर म्हणजे धरलेलं, पकडलेलं. दिलगीर म्हणजे ज्याचं काळीज आवळलं गेलंय तो. बखरींत आणि जुन्या पत्रांत अमका ‘दिलगीर जाहला’ असं येतं तेव्हा त्याने माफी मागितलेली नसते, तो दुःखी झालेला असतो. तोच शब्द आज स्टेशनवर ‘गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असा ऐकू येतो. म्हणजे हजारो मैलांवरच्या दोन भाषांत दुःखाचा शब्द त्याच वाटेने माफीपर्यंत पोचला. मला यात पळवाट दिसत नाही. तुझ्या दुखण्याने मलाही दुखतंय, ही क्षमायाचनेची पहिली पायरी आहे, म्हणून दोन्हीकडे तसं झालं.

‘माझं चुकलं’चं व्याकरणही तपासा. चुकलं, कोण चुकलं? कर्ता नाहीच. ‘माझ्याकडून चूक झाली’ यात तर चूक आपोआप झाली, मी नुसता जवळ उभा होतो! जबाबदारी घेणारं वाक्य एकच: ‘मी चुकलो.’ ते आपण किती वेळा म्हणतो?

सातारकरीण

व्याकरणाचा मुद्दा मान्य. ‘मी चुकले’ हेच खरं वाक्य, यापुढे तेच म्हणेन.

पण ‘दिलगीर’ने तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. पुढाऱ्यांची पत्रकं आठवा: ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो.’ त्या ‘असल्यास’ला दिलगिरीच चालते. ‘भावना दुखावल्या असल्यास मी चुकलो’ असं लिहून बघा, वाक्य उभंच राहत नाही. बातम्यांतही ‘दिलगिरी व्यक्त केली, पण माफी मागितली नाही’ असा भेद आवर्जून करतात. मग लोकांना तो कळतो, की नाही?

पारसिपनीहून

मी १९ वर्षं न्यू जर्सीत आहे. बाबा गेले तेव्हा भारतातून परत येऊन ऑफिसला गेले, तर शेजारच्या टेबलावरची बाई उठली, माझा हात धरला आणि ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणाली. क्षणभर मला कळेचना, हिने काय केलं? मग दिवसभर जो भेटेल तो तेच. संध्याकाळपर्यंत लक्षात आलं, की सातारकरीण म्हणतात तो जुना ‘सारिग’ अजून जिवंत आहे. ते लोक मला ‘आम्हाला दुखतंय’ असंच सांगत होते.

आपण इंग्रजीतून हा शब्द घेताना त्याचा निम्माच भाग घेतला. मराठी घरात कुणी गेलं आणि भेटायला आलेला माणूस ‘सॉरी’ म्हणाला, तर कसं वाटेल? आपण तिथे काहीच बोलत नाही, नुसते बसून राहतो. इंग्रजीत ते विशेषण आहे, बोलणाऱ्याची अवस्था सांगणारं. मराठीत आल्यावर ती एक टाकायची वस्तू झाली: सॉरी म्हण, सॉरी बोल, सॉरी म्हटलं ना आता! तुमचं भांडण शब्दाशी नाही, त्याच्या या अर्धवट आयातीशी आहे.

मेलबर्नकर

ज्यांना हा शब्द निसटता वाटतो त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे बघावं. इथे या एका शब्दासाठी देश वर्षानुवर्षं भांडला.

साधारण १९१० ते १९७० या काळात इथल्या आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवलं जात होतं. १९९७ साली त्यावरचा चौकशी अहवाल आला आणि त्याने अधिकृत क्षमायाचनेची शिफारस केली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ साली संसदेत ठराव आणला, पण त्यात शब्द होता ‘रिग्रेट’, म्हणजे खेद. सॉरी म्हणायला त्यांनी नकार दिला. लोकांना खेद नको होता. २८ मे २००० रोजी सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून अडीच लाखांच्या आसपास लोक चालत गेले आणि वर आकाशात एका विमानाने धुराने एकच शब्द लिहिला: सॉरी. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो उच्चारला. एकदा नाही, पुन्हापुन्हा. प्रेक्षागृहात बसलेल्या म्हाताऱ्या बायका रडत होत्या.

आणखी एक. आदिवासी समाजात मृत्यूनंतरच्या शोकविधींना ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. त्यांच्या तोंडी या शब्दाचा जुना अर्थ आहे, शोकाचा. म्हणून त्या दिवशी पंतप्रधान बोलले तेव्हा तो शब्द दोन्ही बाजूंना पुरला. ‘अपोलॉजी’ पुरला नसता. तो तर मुळात ग्रीक ‘अपोलोगिया’, म्हणजे स्वतःच्या बचावाचं भाषण. सॉक्रेटिसच्या कोर्टातल्या भाषणाला तेच नाव आहे आणि त्यात त्याने कुणाचीही माफी मागितलेली नाही!

नाशिकचा वकील

मेलबर्नकरांचं उदाहरण मनाला भिडणारं आहे, पण दुसरी बाजू सांगतो. शब्द दोन्ही बाजूंना पुरतो, तसाच तो दोन्ही बाजूंना फसवतोही.

१ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक गेला. अमेरिकेचं विमान हैनानवर उतरलं आणि २४ जण चीनच्या ताब्यात. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला चूक कबूल करायची नव्हती. शेवटी ११ एप्रिलला अमेरिकी राजदूताने पत्र दिलं. त्यात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा आलं: वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि परवानगी न घेता उतरल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना सांगितलं, त्यांनी माफी मागितली. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही दुःख व्यक्त केलं. एक पत्र, दोन अर्थ, आणि माणसं घरी परतली. सातारकरीणताई, तुम्ही ज्याला निसटता म्हणता, त्या निसटतेपणावरच ते सुटले.

कायद्यातही बघा. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २००६ साली आणि ओंटारिओने २००९ साली स्वतंत्र कायदाच केला, की सॉरी म्हटल्याने दिवाणी दाव्यात दोष कबूल केल्याचं धरायचं नाही. हेतू चांगला होता. डॉक्टर लोक रुग्णाच्या घरच्यांशी दोन शब्द बोलायलाही घाबरत, ते बोलू लागावेत. आपल्याकडे असा कायदा नाही. माझ्याकडे हॉस्पिटलविरुद्ध येणारे पक्षकार बऱ्याचदा पहिल्याच भेटीत म्हणतात, ‘साहेब, कुणी नीट बोललंसुद्धा नाही.’ तिथे एक सॉरीदेखील पुष्कळ झाली असती. म्हणून शब्द टाकून देण्याच्या मी विरोधात आहे.

यवतमाळचा कास्तकार

तुम्ही सारे सॉरीच्या मागं लागले, पण ‘माफी’ कोणाला लावतात हे कोणी नाही बोललं. आमच्याकडे कर्जमाफी म्हणतात. माफी कोणाला? गुन्हेगाराला. मी कापूस पिकवला, भाव पडला, कर्ज थकलं. यात माझा गुन्हा कोणता? शेतकरी संघटनेनं म्हणूनच हा शब्द नाकारला, कर्जमुक्ती म्हणा म्हणून सांगितलं. २०१९ च्या सरकारी योजनेच्या नावातही कर्जमुक्तीच आहे. पेपरवाले मात्र अजून माफीच लिहितात.

अरबीत माफचा अर्थ सोडून देणं असेल, नसेल, मले त्याच्याशी काय करायचं? मले तो शब्द आज कसा लागतो, ते महत्त्वाचं. या बाबतीत शब्दशोधक बरोबर आहेत. पण त्याच न्यायानं ताईले ती ‘सॉरी हं’ कशी लागली, हेही महत्त्वाचं ठरते. ती लागली ना? मग झालं.

अरुणाकाकू

मी शब्दांचा अभ्यास केलेला नाही. सदुसष्ट वर्षांची आहे. एक सांगते.

आमच्या लहानपणी मोठ्या माणसाने लहानाची माफी मागायची पद्धतच नव्हती. त्यासाठी शब्दच नव्हता. ‘मला क्षमा कर’ असं बाप लेकीला म्हणणार? नाटकात. आणि ‘माझं चुकलं’ हे सुनेने सासूला, धाकट्याने थोरल्याला, गड्याने मालकाला म्हणायचं. खालून वर जाणारे शब्द होते सगळे. पाय लागला तर वाकून नमस्कार करायचो, तोही धाकट्यांनीच.

माझ्या वडिलांनी मला अकरावीनंतर शिकू दिलं नाही. पुढे तीस वर्षांनी, माझी मुलगी इंजिनियर झाली त्या दिवशी, पेढा हातात घेऊन ते मला म्हणाले, ‘अरू, सॉरी.’ एवढंच. मी काही बोलले नाही, त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मराठीत ते त्यांना जमलंच नसतं. वडीलपण मध्ये आलं असतं. या परक्या शब्दाला ना मान ना पायरी, म्हणून तो त्यांच्या तोंडून निघाला. आता माझा मुलगा त्याच्या चार वर्षांच्या पोरीला सहज सॉरी म्हणतो. माझ्या कानाला ते फार गोड लागतं. हा शब्द टाकू नका गं.

शब्दशोधक

काकू, इतका वेळ मी व्याकरण आणि फारसी सांगत होतो. खालून वर जाणारे शब्द, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सॉरीने आपल्या भाषेतली एक रिकामी जागा भरली, ती ही.

सातारकरीण

काकू, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्या मुलीनेही काही वाईट मनाने म्हटलं नसेल गं. पण तिने वर बघायला हवं होतं.’

माझं मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. घरात, नात्यात, जिथे वय आणि मान आडवा येतो तिथे सॉरी राहू दे. काकूंनी मला तिथे निरुत्तर केलं. पण जिथे पैसे घेऊन काम केलं जातं आणि चुकीने कुणाचा जीव टांगणीला लागतो, तिथे ‘मला वाईट वाटतंय’ मला आजही अपुरंच वाटतं, मराठीत म्हणा की इंग्रजीत.

लॅबला पत्र लिहून ठेवलंय. वकीलसाहेब, पोस्टात टाकण्याआधी तुम्हाला विचारायचं होतं: त्यात मी लॅबकडून माफीची मागणीही केलेली नाही आणि दिलगिरीचीही नाही. दोन नमुन्यांची अदलाबदल नेमकी कुठे झाली आणि ज्यांचा तो रिपोर्ट होता त्यांना कुणी कळवलं का, एवढंच विचारलंय. ते आकडे कुणाचे तरी आहेत. क्रिएटिनिन साडेसहा. त्या घरात आईचा चांगला रिपोर्ट गेला असेल.

नाशिकचा वकील

पत्र आजच टाका. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. आणि पोस्टाची वाट न बघता त्या दुसऱ्या रुग्णासाठी आत्ता लॅबला फोन करा.