मदत हवी आहे: थायलंडचा निवृत्ती व्हिसा, ८ लाख बाट आणि आपला एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, वय ६३. मुलगी-जावई बँकॉकला असतात. आम्हा दोघांना तिच्याजवळ, पण वेगळं बिऱ्हाड करून राहायचं आहे. वयाची अट ५० ची, ती केव्हाच पार झाली. अडलंय ते पैशांपाशी.

नियम असा: थाई बँकेत ८ लाख बाट, किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. माझं पेन्शन ४८ हजार रुपये. ६५,००० बाट म्हणजे महिन्याला पावणेदोन लाखांच्या आसपास, त्यामुळे तो पर्याय बाद. तिसऱ्या पर्यायात उत्पन्नाचा दाखला लागतो. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी आपल्या लोकांना असे दाखले देणं २०१९ पासून बंद केलंय. भारतीय दूतावासाकडून अलीकडे कुणाला मिळालाय का?

ओ-ए व्हिसा (निवृत्तांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा) इथूनच काढला तर रक्कम भारतातल्या बँकेत दाखवता येते. पण त्याला १ लाख डॉलरचा आरोग्य विमा हवा. मला मधुमेह, मिसेसची अँजिओप्लास्टी झालेली. तो हप्ता आम्हाला झेपणारा नाही.

म्हणून ठरवलंय की नॉन-ओ व्हिसावर ९० दिवसांसाठी जायचं, खातं उघडायचं, ८ लाख बाट २ महिने खात्यात राहू द्यायचे आणि मग वर्षाची मुदतवाढ मागायची. मिसेस माझ्यावर अवलंबून म्हणून येईल, तिच्यासाठी वेगळी रक्कम लागत नाही. मुदतवाढ मिळाल्यावरही ३ महिने पैशांना हात लावायचा नाही, पुढे ४ लाखांच्या खाली जायचं नाही. म्हणजे निम्मे पैसे कायमचे अडकणार, ते आम्ही धरूनच चाललोय.

खरी अडचण पैसे पाठवण्याची. ८ लाख बाट म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. एलआरएसखाली एका आर्थिक वर्षात १० लाखांपुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक पैसे पाठवतानाच आगाऊ घेते तो कर) कापतात. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो, पण तोवर दोनेक लाख अडकून राहतात आणि आमच्याकडे तेवढी ढील नाही. मिसेसच्या पॅनवरून उरलेले पाठवावेत म्हटलं, तर परदेशी खात्यात ती सहखातेदार नसेल तर रिझर्व्ह बँक अशी मर्यादा एकत्र करू देत नाही. आणि तिकडे इमिग्रेशनला खातं एकट्याच्या नावाचं हवं.

मग उरतं ते रक्कम दोन आर्थिक वर्षांत विभागणं: मार्चअखेर १० लाख आणि एप्रिलच्या सुरुवातीला बाकीचे, म्हणजे टीसीएस लागलाच तर थोड्याच रकमेवर. पण २० मार्चला पोचलो तर ९० दिवस १७ जूनला संपतात. सगळी रक्कम ३ एप्रिलला जमा झाली तर २ महिने ३ जूनला पूर्ण होतात. हातात जेमतेम दोन आठवडे! त्यात आठवड्याभरात खातं उघडायचं, इथल्या शाखेत मार्चअखेरची गर्दी, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म. एक कागद परत आला की सगळं गणित कोलमडतं.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारतो. बँकॉकमध्ये नॉन-ओवर खातं किती दिवसांत उघडलं, आणि घराच्या पत्त्यासाठी काय मागितलं? पैसे दोन हप्त्यांत आले तर इमिग्रेशनला चालतं का? अर्जाच्या दिवशी पासबुकात थोडी रक्कम भरून त्याच तारखेची नोंद आणि शाखेचं पत्र घ्यावं लागतं असं ऐकलंय, ते तसंच आहे का?

आणखी एक, ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. एलआरएसने नेलेले पैसे वापरले नाहीत तर १८० दिवसांत परत आणावे लागतात. इथे तर ते खात्यात नुसते ठेवणं हीच व्हिसाची अट. तुमच्या बँकेने किंवा सीएने याचा अर्थ कसा लावला? तिकडे राहायला गेल्यावर फेमाखाली (परकीय चलन कायदा) अनिवासी ठरलो, तर हा प्रश्न सुटतो की पेन्शनचं खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं खातं) करून नव्याच कागदांत अडकतो?

मार्चमध्ये पैसे पाठवायचे तर मुदतठेव फेब्रुवारीतच मोडावी लागेल आणि व्याज बुडेल ते वेगळंच. त्याआधी कुणी स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं तर फार मदत होईल.