राज्यघटना गावात आली, गावकीत कधी येणार?

वाशिष्ठीकाठ

घटनेचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब खेड्यांबद्दल जे बोलले, ते आपल्याकडे २६ जानेवारीच्या भाषणात कुणी सांगत नाही. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञान, कोतेपणा आणि जातीयतेचं घर. मसुद्याने खेडं सोडून व्यक्तीला घटक मानलं याचा मला आनंद आहे, असा त्या बोलण्याचा आशय. सभागृहात अनेकांना ते झोंबलं. गांधीजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि ग्रामस्वराज्य मानणारे कितीतरी सदस्य समोर बसले होते.

मला बाबासाहेबांचं पटतं, आणि कोकणात राहून जास्तच पटतं. त्यांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांची कुळांवरची वतनदारी, रद्द करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत त्यांनीच मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळं त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने खोती गेली. गावकी, म्हणजे मानकऱ्यांची गावबैठक, राहिली.

आता आमच्या गावातलं सांगतो. एका घराचा पाणंदीवरून वाद होता. बैठकीचा निवाडा न मानता त्यांनी कोर्टात दावा लावला. गावकीने दंड बसवला, त्यांनी भरला नाही. गेल्या शिमग्यात पालखी वाडीत आली तेव्हा त्या घरच्या बाईने अंगण सारवून ठेवलं होतं, ओटीचं ताट घेऊन ती तुळशीपाशी उभी होती. ढोल शेजारच्या अंगणातून निघाले ते तिच्यासमोरून थेट पुढच्या घरी. गिरणीत त्यांचं दळण घेत नाहीत. त्या घरी मयत झालं तर कुणी जायचं नाही, असं ठरलेलं आहे.

कोर्टात जायचा हक्क घटनेने त्या माणसाला दिलाय, गावाला विचारून नव्हे. देवस्थान आणि सण गावकीने जरूर बघावेत. पण माणसाचं घर, वाट, पाणी, लग्न यात निवाडे देणं तिने थांबवावं. ते विषय ग्रामसभेत आणि कोर्टात न्यावेत.

चाकरमानी_लालबाग

दादा, त्या घरावर अन्याय झाला यात वाद नाही. पण त्यावरून गावकीचे हातपाय तोडायचे हे मान्य नाही. आमच्या वाडीचा साकव, पाखाडी, स्मशानातली शेड, सगळं गावकीच्या वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून झालं. आंब्याच्या कलमांपर्यंत वणवा येतो तेव्हा वाडीतली पोरंच ओल्या डहाळ्या घेऊन धावतात. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा पहिल्या काही तासांत कोण कुणाच्या मदतीला पोचलं, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि घटनाकार म्हणजे एकटे बाबासाहेब नव्हेत. त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, के. संतानम यांनी ग्रामपंचायतींबद्दलची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तेच आजचं कलम ४०. १९९३ मध्ये लागू झालेली ७३ वी घटनादुरुस्ती त्याच वाटेने आली. गांधीजींच्या ग्रामस्वराज्यातही माणूस हरवलेला नाही. १९४६ साली 'हरिजन'मध्ये त्यांनी समाजाचं चित्र सागरी वर्तुळांचं काढलं आणि मध्यबिंदूला व्यक्ती ठेवली.

अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, उपासमार सोसली. एकेकट्या व्यक्तीला हे झेपलं असतं? नाणार परिसरातल्या गावांनी रिफायनरीविरुद्ध ग्रामसभांत ठराव केले आणि २०१९ मध्ये सरकारला तिथली अधिसूचना रद्द करावी लागली. ठराव ग्रामसभेचे, पण माणसं एका जागी उभी राहिली ती गावकीमुळे.

आगरातली

मी पंचायतीत एक मुदत सदस्य होते. ७३ व्या दुरुस्तीने बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने पुढे त्या निम्म्या केल्या, म्हणून मला खुर्ची मिळाली. रस्त्याच्या ठरावावर हात मी वर करायचे आणि रस्ता कुणाच्या आगरातून जाणार हे आदल्या रात्री देवळात ठरलेलं असायचं. तिथे घरटी एक पुरुष बसतो. नवरा घरी आला की मला कळायचं. विधवेच्या घरचं कुणी नसतंच, तिच्या वतीने दीर बोलतो. वर्गणी मात्र तिच्याकडूनही पुरी घेतात.

कातळसडा

वाशिष्ठीकाठ, ग्रामसभेत विषय न्या म्हणता, पण ग्रामसभा आज कशी चालते? गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, जो आकडा कमी असेल तो. झेंडावंदन झालं की लोक पांगतात, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग दहा-बारा डोक्यांत ठराव पास. ती दहा-बारा डोकी गावकीचीच असतात.

कायदाही आहे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर घटनाबाह्य ठरवला. मग महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाचा कायदा आणला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण तक्रार द्यायची म्हणजे सख्ख्या चुलत्याचं नाव लिहून द्यायचं, आणि उद्या तिरडीला खांदा त्याचाच लागणार. हे कलमाने सुटत नाही. घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, हे २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनीच बजावलं होतं. गावकीत शिकलेली तरुण माणसं शिरली पाहिजेत, बैठकीची वही सगळ्यांसमोर उघडली पाहिजे. वेळ लागेल. बाहेरून तोडायला गेलात तर गाव आणखी घट्ट मिटेल.

वाशिष्ठीकाठ

चाकरमानी, गांधीजींचं ते वाक्य पुढे वाचा. मध्यबिंदूतली व्यक्ती गावासाठी नष्ट व्हायला सदैव तयार असेल, असं ते म्हणतात. त्यांना आपखुशीचा त्याग अभिप्रेत होता, त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण गावकी दंड बसवते त्यात आपखुशी कुठे आली? बाबासाहेबांनी नेमकी हीच फट पाहिली होती. चरीची एकजूट जमीन बळकावून बसलेल्यांविरुद्ध होती. तीच ताकद शेजारच्या एका घरावर लावायची, याला मी चरीचा वारसा म्हणणार नाही.

कातळसडा, वेळ लागेल हे उत्तर महाडलाही देता आलं असतं. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ पासून होता. २० मार्च १९२७ ला लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले, आणि त्यांना महाडात आणि परतताना वाटेतल्या गावांत मार खावा लागला. गाव तयार व्हायची वाट बघितली असती तर ते पाणी कधी प्यायचं होतं?

कातळसडा

महाडला हजारो माणसं एकत्र गेली होती. तुमच्या गावात ते एकच घर आहे. त्याच्या बाजूने गावातली आणखी चार घरं उभी करा, मग तक्रारीला वजन येईल. मी थांबा म्हणत नाही, एकट्याला पुढे ढकलू नका म्हणतो.

चाकरमानी_लालबाग

महाडचा मुद्दा मला लागला, खोटं कशाला बोलू. दंड मागे घ्या आणि पालखी त्या घरी न्या, असं तुमच्या मुंबई मंडळात बोलायला मी येतो. तिथली दोन-चार माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण निवाड्याचा अधिकारच काढून घेतलात तर बांधावरच्या दोन हात जागेसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षं कोर्टाचे खेटे घालतील आणि वकिलाच्या फीपायी कलमं विकतील. आमच्या वाडीत असे किती वाद देवळाच्या पायरीवर एका संध्याकाळी मिटलेत. गावकीने निवाडा द्यावा. ज्याला तो मान्य नाही त्याला कोर्ट मोकळं, त्याबद्दल दंड नाही, वाळीत टाकणं नाही. एवढ्यावर तयार आहात का?

वाशिष्ठीकाठ

तयार आहे, पण ते बैठकीच्या वहीत लिहून हवं, मानकऱ्यांच्या सह्यांसकट. तोंडी शब्द पुढच्या शिमग्यापर्यंत टिकत नाही.

आगरातली

सह्या मानकऱ्यांच्या म्हणजे पुन्हा पुरुषांच्याच. आमच्या वाडीतल्या बायकांनी गावकीला लेखी अर्ज दिलाय: बैठकीत घरटी एक बाईही बसेल आणि मत देईल, नाहीतर यंदाची वर्गणी मिळणार नाही. होळीच्या आधी उत्तर मागितलंय. पहिल्या दिवशी सात जणींनी सह्या केल्या, आता अर्ज शेजारच्या वाडीत फिरतोय.