मदत हवी आहे: स्टार गोल्डवर फ्रँकफर्टचं लाउंज

आई-बाबांचं तिकीट मुंबई–फ्रँकफर्ट–लिस्बन, दोन्ही विमानं लुफ्तान्साची, इकॉनॉमी. बाबांकडे एअर इंडियाचं गोल्ड सदस्यत्व, म्हणजे स्टार अलायन्स (एअर इंडिया, लुफ्तान्सा वगैरे विमान कंपन्यांचा गट) गोल्ड; त्यावर इकॉनॉमीच्या तिकिटातही विमानतळावरचं लाउंज, म्हणजे आरामकक्ष, वापरता येतं. सोबत एकच पाहुणा चालतो, तेव्हा आईची सोय झाली. सदस्य क्रमांक चेक-इनआधीच बुकिंगमध्ये टाकणार आहे, कारण बोर्डिंग पासवर स्टार गोल्डची खूण छापलेली नसली की दारावरच अडवतात.

प्रश्न फ्रँकफर्टचा. मध्ये दोन तास आहेत. मुंबईचं विमान शेंगेनबाहेरच्या (शेंगेन म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेले युरोपीय देश) भागात लागतं, लिस्बनचं शेंगेनमधून सुटतं, मध्ये पासपोर्ट तपासणी. सेनेटर लाउंज (स्टार गोल्डला चालणारं लुफ्तान्साचं लाउंज) दोन्हीकडे आहे. माझ्या मते आधी तपासणी उरकून पलीकडचंच गाठावं. रांगेचा भरवसा नाही, आणि आईचे गुडघे दुखतात.

सकाळी तिथे रांग साधारण किती असते? व्हीलचेअर घेतल्यास मदतनीस लाउंजपर्यंत सोडतात, की थेट गेटवरच नेतात?