एक्सएमपीपी ॲप्सना एकच परिभाषा आणि ठरावीक सोयी सक्तीच्या कराव्यात का?

शाईदौत
एक्सएमपीपी ही १९९९ साली 'जॅबर' नावाने सुरू झालेली खुली संदेशयंत्रणा. सर्व्हर कुणाचाही, ॲप कुठलंही. तक्रार अशी की ॲपवर 'एक्सएमपीपी' लिहिलेलं असलं तरी आत काय मिळणार याचा पत्ता नसतो.

कॉन्व्हर्सेशन्स या अँड्रॉइडवरच्या एक्सएमपीपी ॲपमध्ये नवा गट करताना 'खासगी गट' आणि 'सार्वजनिक चॅनल' असे दोन पर्याय येतात. मुळात दोन्ही एक्सईपी-००४५ मधल्या खोल्याच (एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीत भर घालणारा क्रमांकित दस्तऐवज), फरक सेटिंगचा. खासगी गटात सदस्यांनाच प्रवेश आणि सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतात, म्हणून तिथे ओमेमो एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणाऱ्यांखेरीज कुणाला संदेश वाचता येऊ नये असं कुलूप, चालतं. तशीच खोली दुसऱ्या ॲपमधून नुसती 'रूम' म्हणून काढली आणि सेटिंगला हात लावला नाही, तर एन्क्रिप्शन मिळेलच असं नाही. साध्या माणसाला हे कळायचं कसं? शब्द ठरवा, त्या शब्दामागे काय असलंच पाहिजे तेही ठरवा. जो पाळणार नाही त्याने एक्सएमपीपीचं नाव लावू नये.

खटपट्या
ॲपमध्ये काय असावं याची यादी आहे की! एक्सएमपीपीची मानकं ठरवणाऱ्या एक्सएमपीपी स्टँडर्ड्स फाउंडेशनची २०२३ ची एक्सईपी-०४७९ उघडा. गाभा, वेब, चॅट, मोबाइल, कॉल असे विभाग आणि प्रत्येकात 'कोअर' व 'ॲडव्हान्स्ड' अशा दोन पायऱ्या. नेट गेलं-आलं तरी संदेश हरवू नयेत म्हणून लागणारं स्ट्रीम मॅनेजमेंट त्यात आहेच.
पण सक्ती? प्रोफॅनिटी हे टर्मिनलमध्ये चालणारं ॲप. त्यात व्हिडिओ कॉल नाही म्हणून नाव काढून घेणार? नावातला पहिला 'एक्स' एक्स्टेन्सिबलचा, म्हणजे हवं तसं वाढवता येण्याचा आहे, साहेब. यातली बरीच मंडळी नोकरी सांभाळून हे करतात, त्यांच्या डोक्यावर इन्स्पेक्टर बसवला की पहिले तेच पळतील.

शाईदौत
ती यादी कोड लिहिणाऱ्यांसाठी. ॲप उतरवून घेणाऱ्याला ती कुठे दिसते?

पारंबी
नाव काढून घेण्याच्या गप्पा राहू द्या, 'जॅबर' हे सोपं नाव आधीच हातचं गेलंय. जॅबर इन्क. २००८ मध्ये सिस्कोने विकत घेतली, ट्रेडमार्क सिस्कोकडे.
आणि गुगल टॉक आठवा, गुगलचं एक्सएमपीपीवर चालणारं चॅट. २००५ ला आलं, २००६ ला बाहेरच्या सर्व्हरांशी जोडलं, २०१३ ला हँगआउट्स आलं आणि ते दार बंद व्हायला लागलं. कुठल्या नियमावलीने गुगलला थांबवलं असतं?
मला स्निकेटचा मार्ग पटतो. सर्व्हर आणि ॲप एकाच नावाखाली, दोन्ही एकमेकांसाठी तपासलेले. घरच्यांना 'हे टाका' म्हणायचं, एक्सएमपीपी हा शब्दही उच्चारायचा नाही.

खटपट्या
+१. ज्याने नाव लावलं त्याने जबाबदारी घेतली. प्रोटोकॉलवर कशाला ओझं?

शाईदौत
बरं, मग हे सोडवा. कैदान (हेही एक एक्सएमपीपी ॲप) आणि कॉन्व्हर्सेशन्स, दोघंही म्हणतात 'ओमेमो आहे'. कैदान नव्या ओमेमो २ वर आहे, कॉन्व्हर्सेशन्स जुन्या आवृत्तीवर. दोन्हीकडे तोच शब्द, आणि एकाचा कुलूपबंद संदेश दुसऱ्याला उघडत नाही. इथे कुणीही नियम मोडलेला नाही, हेच मला खुपतं.

खटपट्या
म्हणून तर सक्ती नको. कोणती आवृत्ती सक्तीची करणार? जुनी केली तर कैदानवाल्यांना पुढे गेल्याची शिक्षा. नवी केली तर कॉन्व्हर्सेशन्स बाद, आणि पारंबीताई, तुमच्या स्निकेटचं अँड्रॉइड ॲप त्याच कॉन्व्हर्सेशन्सच्या कोडमधून निघालंय.

पारंबी
ते माहीत आहे. पण घरातले सगळे स्निकेटवरच असल्यामुळे आमच्यात आवृत्तीचा घोळ होत नाही. बाहेरच्याशी बोलायचं झालं की शाईदौत म्हणतात तो प्रश्न येतोच. निदान ॲपने 'ओमेमो (जुनं)' एवढं तरी लिहावं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.